साहाय्य : कु. रचना

शत्रुघ्न भोईरने आयुष्यात एकच पुस्तक छापलं आणि तेही पुतणीचं. तुळिंजला त्याचं फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान होतं. वाढदिवसाचे भावी नगरसेवक, श्रद्धांजलीचे कैलासवासी आणि लग्नाचे नवरा-नवरी यांना सारख्याच झगमगाटात छापण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्यामुळे छपाईच्या बाबतीत आपल्याला कोणी अक्कल शिकवू नये, असं त्याचं ठाम मत होतं. रचनाने शुक्रवारी मोठ्या विश्वासाने त्याच्या हातात पेनड्राइव्ह दिला होता. ती टीवाय बीएस्सीला, कम्प्युटर सायन्सची. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा अहवाल काळ्या रेक्झिनमध्ये बांधून, वर सोनेरी अक्षरं उठवून सोमवारी दहाच्या आत कॉलेजात द्यायचा होता. त्याला सगळे ब्लॅकबुक म्हणतात. काका घरचाच, मग स्टेशनवरच्या दुकानात कशाला जायचं, असं तिला वाटलं. तीन वर्षं कम्प्युटर शिकून मुलगी शेवटी इथे चुकली.

रविवारी दुपारी तीन वाजता गोखिवऱ्याच्या भोईर बिल्डिंगीत, तळमजल्याच्या हॉलमध्ये, ब्लॅकबुकच्या चार प्रती देवापुढे पाटावर मांडलेल्या होत्या. हळद-कुंकू वाहिलं होतं, नारळ फुटला होता आणि त्याचं पाणी वरच्या प्रतीच्या कोपऱ्यात मुरलं होतं. शेत बिल्डरला दिलं तेव्हा मिळालेली ही बिल्डिंग. तळाला आजा, पहिल्या मजल्यावर थोरला शत्रुघ्न, दुसऱ्यावर धाकटा कल्पेश. लिफ्टची चावी कोणाकडे राहावी यावर तिघांचं एकमत न झाल्यामुळे लिफ्ट चौदा वर्षं बंद होती. ब्लॅकबुकच्या बाबतीत मात्र एकमत आपण आधीच करून ठेवलंय, अशा समाधानात शत्रुघ्न सोफ्यावर बसला होता.

रचनाने वरची प्रत उचलली. सर्वांत वर ‘श्री गावदेवी प्रसन्न’. खाली प्रोजेक्टचं नाव. त्याखाली, आमदाराच्या सभेला वापरतात त्या मापात, ‘श्री. भूपेश शत्रुघ्न भोईर’. आणि तळाशी, जिथे पत्रिकेवर मुद्रकाचं नाव असतं तिथे, ‘साहाय्य : कु. रचना कल्पेश भोईर’.

भूपेश हा शत्रुघ्नाचा एकुलता एक मुलगा. तोही टीवाय बीएस्सीला, त्याच कॉलेजात, त्याच वर्गात. खरं तर रचनाला या कोर्सला घातलं होतं तेच भूपेशच्या सोबतीला. तिला गणितात डोकं होतं, त्याला बारावीला कसेबसे मार्क होते, आणि एकट्या मुलाचा अभ्यास होणार नाही म्हणून बरोबर एक अभ्यासू मुलगी असलेली बरी, असा निर्णय याच हॉलमध्ये, याच सोफ्यावर झाला होता. रचनाला तेव्हा कॉलेज मिळाल्याचा एवढा आनंद झाला होता की ते का मिळालं हे विचारायची तिला शुद्ध नव्हती.

तिने पान उलटलं. आत तिचा ऋणनिर्देश नव्हता. त्या जागी शत्रुघ्नाने आपल्या हाताने मजकूर बसवला होता. ‘आमच्या येथे कुलस्वामिनीच्या कृपेने’ अशी सुरुवात होती आणि पुढे तेवीस नावं होती, मानाप्रमाणे, मोठं घर आधी. पुढची नव्वद पानं मात्र जशीच्या तशी होती. ती इंग्रजीत असल्यामुळे कोणी वाचलेली नव्हती.

“काका, हा प्रोजेक्ट माझा आहे,” ती म्हणाली.

“घराचा हाय,” शत्रुघ्न म्हणाला. “माझा-तुझा काय असतं त्यात.”

मग त्याने सगळ्यांना समजेल अशा आवाजात सगळं सांगितलं. भूपेशने स्वतःचा प्रोजेक्ट केला होता, तो बाईंनी नाकारला. एवढंच तो म्हणाला. भूपेशने विरारच्या एका क्लासवाल्याकडून तयार प्रोजेक्ट उचलला होता, त्याच क्लासवाल्याने तोच प्रोजेक्ट वर्गातल्या आणखी तिघांना दिला होता, आणि भूपेशच्या प्रतीत तर स्क्रीनवर दुसऱ्याच मुलाचं नाव तसंच राहिलं होतं, हे त्याने गाळलं. प्रोजेक्टच्या गाइड जीना मॅडम. शत्रुघ्न शनिवारी त्यांना जाऊन भेटला होता. दोघांनी मिळून केलं असेल तर दोघांची नावं चालतील, असं मॅडम म्हणाल्या. मॅडमच्या वाक्यातला ‘असेल तर’ एवढा भाग शत्रुघ्नाच्या कानात शिरला नव्हता. त्याच्या धंद्यात तो लागतही नाही.

रचनाने बापाकडे पाहिलं. कल्पेश पंख्याखाली खुर्चीच्या कडेवर बसला होता. तो गोखिवऱ्यातल्याच एका प्लास्टिकच्या गाळ्यात सुपरवायझर होता आणि ती नोकरी शत्रुघ्नाच्या ओळखीने लागलेली होती. तेवीस नावांत तो चौथा होता. त्याने पान पाहिलं, आपलं नाव पाहिलं, आणि चष्मा पुसायला घेतला. तो चष्मा पुढचे दोन तास पुसला जात होता.

तिच्या बाजूने पहिली बोलली ती आत्या. अर्नाळ्याला दिलेली ही शत्रुघ्नाची आणि कल्पेशची थोरली बहीण सकाळीच आली होती. तिने ते पान चष्मा लावून दोनदा वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. तेवीस जणांत ती नव्हती. तिचा नवरा होता, ‘जावई’ म्हणून, ती नव्हती. मग तिला एकदम न्यायाचा पुळका आला. पोरीने रक्त आटवायचं आणि नाव पोराचं लावायचं, हे कुठल्या देवाला चालतं, असं तिने विचारलं. मुलींना या घरात काडीची किंमत नाही, हे आपण लग्नाच्या दिवसापासून बघतोय, असंही ती म्हणाली. बोलता बोलता तिचे डोळे भरले. रचनाला क्षणभर वाटलं, आत्या खरंच आपली आहे.

शत्रुघ्नाची बायको शकू हे शांतपणे ऐकत होती. घरातली भांडणं ती भांडून सोडवत नसे, वाटून सोडवत असे. ती आत्याजवळ जाऊन बसली, मायेने हात धरला आणि म्हणाली की वन्सं, तुमचं नाव वेगळं घालायचं म्हणूनच तिथे घातलं नाही. वेगळ्या ओळीत, एकटं, चौकटीत. ‘विशेष मार्गदर्शन’. एक पान बदलायला ह्यांना कितीसा वेळ लागतो.

आत्याने डोळे पुसले. मग ती म्हणाली की तसं पाहिलं तर भाऊ-बहीण काय वेगळे असतात, आणि रचनाचं लग्न झालं की तिचं आडनाव बदलणारच आहे, तेव्हा पुस्तकावर भोईर नाव टिकायचं तर ते भूपेशचंच टिकणार. अर्नाळ्याहून आलेला न्याय असा पाऊण तासात परत गेला.

आता उरला आजा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि रचनाने तर फारच आशेने पाहिलं. कारण प्रोजेक्टात तिच्याखेरीज कोणाचं काही असेल तर ते आजाचंच होतं.

खाडीच्या बांधाला जिथे दार असतं, भरतीला लावायचं आणि ओहोटीला उघडायचं, त्याला उघाडी म्हणतात. शेत होतं तोवर आजाने पन्नास वर्षं ती उघाडी सांभाळली. घड्याळ नाही, तक्ता नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, एवढा एक हिशेब. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. रचनाने तो हिशेब कम्प्युटरला शिकवला. मग तो खरा आहे का ते बघायला उघाडीच्या दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटने वीत-वीत अंतरावर रेघा मारल्या आणि एकसष्ट दिवस भरतीच्या वेळी तिथे जाऊन पाणी कुठल्या रेघेला आलं ते लिहून घेतलं. आता तिचा प्रोग्राम तिथी, भरती आणि पाऊस मिळून सांगत असे की कोणत्या दिवशी किती वाजता गोखिवऱ्यातला कोणता रस्ता पाण्याखाली जाईल. जीना मॅडमनी तो बघून मागच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गातल्या मुलांना बोलावून दाखवला होता.

आजाच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. महिन्यापूर्वी रचना त्याच्याजवळ बसून उत्साहाने म्हणाली होती, “आजा, तुझा हिशेब अष्टमीला चाळीस मिनिटांनी चुकतो.” तिने कागदावर वाकडी रेघ दाखवली होती. आजाला ते ठाऊक होतं. अष्टमीला पाणी रेंगाळतं, हे त्याला उभ्या आयुष्यात ठाऊक होतं, आणि तो त्या दिवशी गुपचूप थोडा उशिरा जाऊन दार लावत असे. पण ते कोणी त्याला तोंडावर सांगितलं नव्हतं. नातीने सांगितलं तेव्हा त्याला अभिमानही वाटला आणि रागही आला. अभिमान दोन दिवस टिकला. राग अजून होता.

“मना ईचारता तर,” आजा म्हणाला, “भूपेशचा नाव वर हाय, ता बरोबर हाय. उघाडी माझ्या बापाने मना दिली, भयनीला नाय दिली. कोनी रागावू नका.”

रचनाला वाटलं होतं की काकाचं बोलणं आपल्याला लागेल. ते लागलं नव्हतं. काका तसाच होता. आजाचं वाक्य मात्र आत कुठेतरी जाऊन बसलं. एकसष्ट दिवस ती परत आल्यावर याच माणसाला पाणी कुठवर आलं ते आधी सांगायची, मग पाय धुवायची.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “वरचं नाव त्याचं. मग उद्या पहिले प्रश्न त्यालाच विचारणार. बाहेरून परीक्षक येतात, व्हायवा असते. आपण इथे एकदा घेऊन बघू या?”

ही कल्पना सगळ्यांना आवडली. शकूने भूपेशला सोफ्याच्या मधोमध बसवलं. आत्याने टीव्ही बंद केला.

भूपेशला आतापर्यंत कोणी काही विचारलं नव्हतं. तो एकवीस वर्षांचा होता आणि एकवीस वर्षांत त्याला कोणी फारसं विचारलं नव्हतंच. त्याच्यासाठी सगळं आधीच ठरलेलं असे. त्याला कम्प्युटर नको होता, त्याला बापाच्या दुकानात फोटोशॉपवर बसायला आवडायचं. तिथे त्याचा हात खरोखर चांगला चालायचा. पण मालकाचा मुलगा कारागीर होत नसतो, इंजिनियर होतो, असं बाप म्हणाला. बीएस्सी करून इंजिनियर होत नाहीत, हे बापाला सांगायची त्याची तीन वर्षं हिंमत झाली नव्हती. नाक्यावर लावायचा ‘इंजि. भूपेशचे अभिनंदन’ हा फ्लेक्स दुकानात गुंडाळून तयार ठेवलेला त्याने पाहिला होता.

“आज सप्तमी,” रचना म्हणाली. “आपल्या उघाडीवर भरती किती वाजता?”

“ते ॲपमध्ये बघावं लागेल.”

“बघ.”

भूपेशने फोन काढला. ॲप त्याच्या फोनमध्ये नव्हतं. ते कधीच नव्हतं. तरी तो स्क्रीनवर बोट फिरवत राहिला आणि म्हणाला की नेट स्लो आहे. आजाचे ओठ हलले. सव्वापाच, आणि वर खाडीचा उशीर, हे त्याला बसल्या जागी आलं होतं.

“नेट लागत नाही त्याला. सोड,” रचना म्हणाली. “आजाच्या हिशेबाची वेळ आणि रेघांवर मिळालेली वेळ, यांत फरक पडतो. प्रोग्राम त्याचं काय करतो?”

“डेटाबेसमध्ये टाकतो.”

“टाकून?”

“मग… तो कनेक्ट होतो ना.”

“कशाला?”

भूपेशने आईकडे पाहिलं. शकूने त्याला धीर द्यायला मान हलवली, जणू उत्तर बरोबरच होतं, फक्त जरा हळू बोलला. हॉलमध्ये कोणालाच उत्तर ठाऊक नव्हतं, पण ते त्यालाही ठाऊक नाही एवढं लहान मुलालाही कळलं असतं. भूपेशचे कान लाल झाले. मग तो बापाला म्हणाला, “पप्पा, माझं नाव काढा. मला यातलं काहीच येत नाही. मी उद्या तिथे उभा नाही राहणार.”

ही या दुपारी त्या घरात बोलली गेलेली एकमेव प्रामाणिक गोष्ट होती, आणि तिची जी गत व्हायची तीच झाली. शकू रचनावर उखडली. मुद्दाम अवघड विचारून पोराला सगळ्यांसमोर खाली पाडायचं, याला काय बहीण म्हणतात, असं तिने विचारलं. आत्या म्हणाली की परीक्षक एवढं खोलात थोडंच जातात. शत्रुघ्नाने मुलाला आत जा म्हणून सांगितलं आणि भूपेश खरंच उठून आत गेला. त्याने दार लावून घेतलं.

“शिकव त्याला,” आजा रचनाला म्हणाला. “रात आख्खी पडली हाय.”

“आणि त्याला उद्या यायलाच नको असेल तर?”

“तर तू उत्तर दे,” शत्रुघ्न म्हणाला. “साहाय्य म्हणून नाव घातलंय ना तुझं. मग कर साहाय्य.”

कल्पेश या वेळी बोलला. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मुलीला समजुतीच्या सुरात सांगितलं की मार्क तुलाही तेवढेच मिळतील, घरात वाद नको, काकांनी आपल्यासाठी काय कमी केलंय. तो हे जमिनीकडे बघून म्हणाला. रचनाला बापाचा राग येईल असं वाटलं होतं, पण तिला त्याची कीव आली, आणि ते जास्त वाईट होतं.

दिपिका, कल्पेशची बायको, स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. या घरात येऊन तिला तेवीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ती थोरल्या जावेच्या बाजूने राहिली होती, कारण दुसरी बाजू कधी नव्हतीच. वाटणीच्या वेळी ती गप्प होती, नोकरीच्या वेळी गप्प होती. रचनाला भूपेशच्या सोबतीला कॉलेजात घालतायत असं ठरलं, तेव्हाही ती चहाच देत होती.

प्रोजेक्ट म्हणजे काय, डेटाबेस म्हणजे काय, हे तिला समजत नव्हतं, आणि समजतं असा आव तिने आणला नव्हता. तिला एकच गोष्ट माहीत होती. खाडीकाठच्या खाजणातला चिखल कपड्यातून जात नाही. साबण लावा, सोडा लावा, दगडावर आपटा, काळपट सावली राहतेच. रचनाच्या तीन सलवारी गुडघ्यापर्यंत तशा झाल्या होत्या, आणि एकसष्ट दिवस त्या दिपिकाने घासल्या होत्या. या तीन वर्षांत तिने भूपेशचेही कपडे धुतले होते, जाऊबाई गावाला गेल्या की. त्याच्या एकाही पँटला तसला डाग नव्हता.

तिने कप टेबलावर ठेवले. कोणालाही उचलून दिला नाही.

“रचना, लॅपटॉप घे,” ती म्हणाली. “स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला रविवारी सातला बंद करतो. आता साडेपाच झालेत.”

हॉलमध्ये आधी कोणाला कळलंच नाही की हे कोण बोललं. मग शत्रुघ्नाने विचारलं की कशाला जायचंय झेरॉक्सवाल्याकडे. दिपिका म्हणाली की पुस्तक करायला. तुमची चार राहू देत, तुम्ही हौसेने केलीत, ती तुमच्याकडे ठेवा.

यावर बरंच काही झालं. शकू म्हणाली, दिपिका, तू मध्ये पडू नकोस, तुला त्यातलं काय कळतं. दिपिका म्हणाली, काहीच नाही. आत्याने विचारलं की मग ‘विशेष मार्गदर्शन’चं काय. शत्रुघ्न उभा राहिला. आज या दारातून बाहेर गेलात तर दुसऱ्या मजल्यावर राहायचं कोणाच्या जिवावर ते बघा, असं तो म्हणाला, आणि कल्पेशची नोकरी कोणी लावली तेही त्याने मोजक्या शब्दांत आठवून दिलं. आजा पाटावरच्या नारळाकडे बघत बसला. त्याने सुनेला अडवलं नाही आणि हाकही मारली नाही.

रचना लॅपटॉप छातीशी धरून दारात आली. तिने आईकडे पाहिलं. ही बाई आपल्या ओळखीची आहे की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. दिपिका चपला घालत होती.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कल्पेश उठला होता. त्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि पायाने चप्पल चाचपत म्हणाला, “थांब, मी पण येतो.”

दिपिकाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

“तुम्ही बसा,” ती म्हणाली. “तुमचं नाव आहे ना त्या पुस्तकात, चौथं.”